दोन हजारांत ट्रेकची हत्यारपेटी: मल्टिटूलची पारख आणि डब्याची भरणी

ऑनलाइन दुकानात ‘सर्व्हायव्हल किट’ शोधलं की काळ्या डब्यातला ‘१८ इन १’ संच हजार-बाराशेला समोर येतो. डबा उघडून एकेक वस्तू बाजूला काढली की हिशेब लागतो. शिट्टी चालते, चंदेरी ब्लँकेट चालतं, ठिणगी पाडायची काळी कांडी निम्मी चालते. बाकी उरते क्रेडिट कार्डाच्या आकाराची पत्र्याची चकती, दोन कड्यांमधली तारेची करवत, बटणाएवढं होकायंत्र, काच फोडायचं जाडजूड पेन आणि टोमॅटोच्या सालीवरूनही घसरणारा चाकू. पैसे गेले ते आकड्याचे. त्यात थोडी भर घालून सुट्या वस्तू निवडून घेतल्या, तर सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकला आणि पावसाळ्यात घरची वीज गेली तेव्हाही कामाला येईल असा संच दोन हजारांत बसतो. यात सगळ्यात जास्त चुका मल्टिटूल, म्हणजे एकाच मुठीत पक्कड, पातं आणि बाकीची छोटी हत्यारं असलेलं साधन, निवडताना होतात, म्हणून निम्मा लेख त्याच्यावरच आहे.

आधी काय बिघडतं ते बघा

मल्टिटूलमध्ये काय असावं हे खोक्यावरच्या यादीवरून ठरवू नका, डोंगरात काय बिघडतं त्यावरून ठरवा. आपल्याकडे ही यादी काही फार लांब नाही. बुटाचा तळ सुटतो. सॅकचा पट्टा शिवणीतून निघतो, नाहीतर बकल फुटतं. तंबूची काठी जोडाशी चिरते. तीन दगडांच्या चुलीवरून पातेलं उतरवायला सांडशी नसते. करवंदीचा नाहीतर बाभळीचा काटा मोडून आत राहतो. दोर, पट्टी, कापड कापायची वेळ येते. टॉर्चच्या सेलचं झाकण अडकून बसतं.

एवढ्यासाठी पाच अवयव पुरतात: निमुळत्या तोंडाची पक्कड आणि तिच्याच मुळाशी तार कापायची धार, सहा-सात सेंटीमीटरचं सरळ धारेचं पातं, भोक पाडायची आरी, छोटी कात्री, आणि चपटा व स्टार असे दोन स्क्रूड्रायव्हर. करवत असली तर बरं, नसली तरी अडत नाही. माशाचे खवले काढायची पट्टी, बाटली उघडणी, चार सेंटीमीटरची मोजपट्टी आणि अडकवायची कडी यांना प्रत्येकी एक ‘टूल’ धरूनच खोक्यावरचा मोठा आकडा भरलेला असतो.

बुटाचं उदाहरण जवळून बघू, कारण पक्कड का हवी ते त्यातच कळतं. दोन-तीन वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या बुटाचा मधला फोम दमट हवेनं आतल्या आत कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा, आणि चढाच्या दुसऱ्या तासाला तळ जबड्यासारखा उघडतो. चिकटपट्टी एकटी गुंडाळली तर ओल्या कातळावर अर्ध्या तासात तिच्या चिंध्या होतात. त्याऐवजी असं करा:

१. तळ आणि बूट दोन्ही कोरडे पुसा, मधली माती खरवडून काढा, तळ जागेवर बसवा.
२. सेंट्रिंगवाले सळ्या बांधायला वापरतात ती मऊ काळी बाइंडिंग तार घ्या. एका बुटाला सव्वा मीटर पुरते. पहिला वेढा तळव्याच्या कमानीतून, टाचेच्या जरा पुढून घ्या. तिथे तळ जमिनीला टेकत नाही, म्हणून तार झिजत नाही. दुसरा वेढा चवड्यावरून, पण तळाच्या खाचेत बसवून.
३. दोन्ही टोकं बुटाच्या बाहेरच्या अंगाला आणून पक्कडीनं पाच-सहा पीळ द्या. पीळ देताना तार आधी आपल्याकडे ओढायची आणि मग फिरवायची. नुसती फिरवली तर पीळ घट्ट दिसतो, वेढा मात्र सैलच राहतो.
४. पिळाचं एक सेंटीमीटर टोक ठेवून बाकीची तार कापा, टोक दाबून सपाट करा, मग त्यावर चिकटपट्टी मारा. उघडं टोक दुसऱ्या पायाच्या पँटला अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो.
५. पायाच्या वरच्या बाजूला तार काचत असेल तर खाली कापडाची घडी घाला. चवड्यावरचा वेढा तासातासाला तपासा, आधी तोच तुटतो.

हे काम बोटांनी होत नाही आणि नुसत्या चाकूनं तर नाहीच.

पक्कडवाला, स्विस चाकू की वेगवेगळी हत्यारं

हातात मावणारी पक्कड आणि तिच्या पोकळ मुठींत बाकीची पाती ही घडण टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये बाजारात आणली. आज मिळणारे बहुतेक स्वस्त मल्टिटूल तिच्याच नकला आहेत. मूळ कंपनीचा माल आपल्या बजेटच्या बाहेर आहे. नकलेत चांगली आणि टाकाऊ दोन्ही मिळतात, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. साधारण सातशे ते हजार रुपयांत घेण्याजोगा नग मिळू शकतो. चारशेच्या खाली शोधण्यात वेळ घालवू नका.

स्विस चाकू म्हणजे छोट्या पात्यांचा संच. तो हलका असतो, पोलाद चांगलं असतं, त्यातली कात्री आणि चिमटा अप्रतिम असतात, पण पक्कड नसते. जो माणूस वर्षातून दोनदा सोप्या वाटेवर जातो आणि एरवी खिशात ठेवायला काहीतरी हवं म्हणतो, त्यानं हाच घ्यावा.

तिसरा रस्ता फारसा कुणी सुचवत नाही, पण बजेट खरंच घट्ट असेल तर तोच उत्तम. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची निमुळती पक्कड घ्या. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या टपारियाची पक्कड कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, आणि स्वस्त मल्टिटूलच्या पक्कडीपेक्षा ती कितीतरी पटींनी मजबूत असते. तिच्या जोडीला म्यानासकट एक साधा छोटा चाकू आणि चांभाराची आरी. डब्यात जागा जास्त जाते आणि रुबाब शून्य, पण यातलं काहीही ऐन वेळी मोडत नाही.

दुकानात दहा मिनिटं

मल्टिटूल हातात घेऊन पारखता आलं तर उत्तम. ऑनलाइन मागवलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी याच चाचण्या करा. बाइंडिंग तारेचा वीतभर तुकडा, वहीचा कागद आणि ओला रुमाल एवढं जवळ ठेवा.

पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. टोकं आधी टेकायला हवीत आणि मग मागचे दाते. टोकांत फट दिसत असेल तर काटा किंवा बारीक तार कधीच धरता येणार नाही. मग कागदाचा कपटा नुसत्या टोकात धरून ओढा. कागद फाटला तर पास, सुटून आला तर नापास. आता दोन्ही जबडे बोटांत धरून आडवे हलवून बघा. नव्या नगातच ते डावी-उजवीकडे सरकत असतील तर महिन्याभरात ते एकमेकांवर चढतील.

तार कापा. कट्‌कन तुटली पाहिजे. चेपून, वाकून मधे अडकली तर कापायच्या धारा एकमेकींना भेटत नाहीत. घरी गेल्यावर सायकलच्या ब्रेकची केबल किंवा स्प्रिंगची तार या पक्कडीनं कापायचा मोह टाळा. ती तार कडक असते, धारेला खाचा पडतात आणि त्या परत निघत नाहीत.

मुठी जोरात आवळून दहापर्यंत मोजा. स्वस्त नगात मुठीच्या पत्र्याची आतली कड बोथट केलेली नसते आणि ती तळहाताला काचते. दुकानात नुसती टोचणारी कड डोंगरात तळहाताची साल काढते.

आता पातं. पूर्ण उघडल्यावर ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे आणि ते आपोआप अडकलं पाहिजे. मूठ नीट धरा, बोटं पात्याच्या मिटण्याच्या वाटेतून बाजूला घ्या, आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच तीन-चारदा आपटा. खटका सुटून पातं मिटायला लागलं तर तो नग तिथेच ठेवा. स्वस्त हत्यारांनी होणाऱ्या जखमांत सगळ्यात वाईट जखम याचीच, आपलंच पातं आपल्याच बोटांवर मिटल्याची. स्विस चाकूंच्या बऱ्याच लहान नमुन्यांना खटका नसतोच, नुसत्या स्प्रिंगचा दाब असतो. तो दोष नव्हे, पण असं पातं कुठेही खुपसायचं नाही, फक्त ओढून कापायचं.

रुमालानं बोटं ओली करा आणि एकेक पातं उघडा. पावसाळ्यात हात कोरडे कधीच नसतात. नखाची खाच उथळ असेल तर पातं निघत नाही, आणि एक ओढलं की शेजारची दोन बाहेर येत असतील तर नेमकं घाईच्या वेळी नको ते हातात येतं.

शेवटी बिजागरीचे खिळे बघा. ते ठोकून बसवलेले असतील तर सैल झाल्यावर इलाज नाही. सहा कोनी किंवा ताऱ्याच्या आकाराचे स्क्रू असतील तर घरी आवळता येतात. एवढ्या एका गोष्टीसाठी शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

पोलादाबद्दल थोडं

खोक्यावर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. पात्यासाठी ४२० जातीचं पोलाद म्हणजे किमान. ते गंजत नाही सहसा, पण धार लवकर जाते. ४४० किंवा ५सीआर१५ लिहिलेलं असेल तर अर्थातच बरं. स्विस चाकूंचं पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर (एचआरसी) ५५-५६ च्या आसपास असतं: धार टिकते आणि घरच्या दगडावर परत लावताही येते. ‘६२ एचआरसी’ असं आठशे रुपयांच्या नगावर छापलेलं दिसलं तर खुशाल हसा.

आणि चुंबकाची परीक्षा इथे विसरा. भांड्यांच्या दुकानात चुंबक चिकटलं की ‘हे खरं स्टेनलेस नाही’ म्हणायची आपली सवय आहे. पातेल्याच्या ३०४ पोलादाला ती साधारण लागूही पडते. पण पात्यांचं ४२० आणि ४४० हे कठीण केलेलं स्टेनलेस असतं, आणि त्याला चुंबक चिकटतंच. उलट एखाद्या चाकूच्या पात्याला चुंबक अजिबात चिकटलं नाही, तर ते भांड्याच्या पत्र्याचं असायची शक्यता जास्त. त्याला धार धरत नाही.

घरी आणल्यावर

नवं मल्टिटूल तसंच सॅकमध्ये टाकू नका. भांड्याच्या साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं कारखान्याचं ग्रीस आणि घासकामाची पूड धुवून काढा, उन्हात अर्धा तास वाळवा, प्रत्येक बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा आणि सगळी पाती वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा. खोबरेल वापरू नका. पंचवीस अंशांच्या खाली ते गोठायला लागतं, आणि जानेवारीत गडावर पहाटे पातं उघडेना अशी गत होते.

स्वस्त पात्याला कारखान्यातून धार अशी येतच नाही, ती आपण द्यायची. पॉलिश पेपर घ्या, पाण्यात चालणारा, ४०० आणि १००० नंबरचा. फरशीच्या सपाट तुकड्यावर ओला करून चिकटवा. पातं आधी उभं धरा, मग अर्ध्यावर कलतं करा, मग त्याच्याही अर्ध्यावर. साधारण वीस-बावीस अंशांचा कोन आपोआप मिळतो. धार मागे ठेवून, पाठीच्या दिशेनं ओढा. धारेच्या दिशेनं ढकललंत तर कागदच कापला जाईल. एका बाजूनं वीस वेळा ओढल्यावर दुसऱ्या अंगाला अंगठा आडवा फिरवून बघा, बारीक खरखरीत कणी लागेल. ती मुळापासून टोकापर्यंत लागेस्तोवर बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार इथेच फसते: कणी यायच्या आत बाजू बदलली जाते आणि मग तासभर घासूनही पातं बोथटच. दोन्ही बाजूंना कणी आली की १००० नंबरवर हलक्या हातानं आलटून पालटून दहा-दहा वेळा ओढा. शेवटची पाजणी लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीवर. बरणी उपडी केली की तळाचं बिनचकाकीचं कडं दिसतं, त्यावर चार-पाच हात फिरवले की वहीचा कागद सरळ कापला जातो.

मुठीच्या कडीत अर्धा मीटर भडक रंगाची दोरी बांधा आणि मुठीवर केशरी पट्टीचा एक वेढा मारा. काळ्या रंगाचं हत्यार कारवीत पडलं की गेलंच. कंपन्या अशी हत्यारं काळ्याच रंगात का विकतात हे एक कोडंच आहे.

डब्यात बाकी काय

दोन हजारांची वाटणी ढोबळमानानं अशी: मल्टिटूल ८००, हेडलाइट ४००, प्रथमोपचार २५०, दोर १५०, दुरुस्तीचं किडूकमिडूक १५०, चंदेरी ब्लँकेट १००, डबा आणि झिपच्या पिशव्या ६०, शिट्टी ५०, लायटर दोन आणि काडेपेटी ४०. ब्रँड आणि गाव बदललं की आकडे पुढेमागे होतील, प्रमाण मात्र मोडू नका. मल्टिटूलवर सोळाशे घालवून मोबाइलच्या टॉर्चवर उतरणारे फार दिसतात.

हेडलाइट ट्रिपल-ए सेलवर चालणारी घ्या, कारण ते सेल पायथ्याच्या गावातल्या टपरीवरही मिळतात. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती आतच जळत राहते, म्हणून वापर नसताना एक सेल उलटा घालून ठेवा. स्वस्तातले झिंक-कार्बनचे सेल त्यात महिनोन्‌महिने सोडू नका. ते पाझरतात आणि स्प्रिंगा खातात.

शिट्टी आत दाणा नसलेली हवी. दाण्याची शिट्टी भिजली की दाणा अडकतो. संकटाची खूण म्हणजे मिनिटाभरात सहा फुंकर, मग एक मिनिट शांतता, परत सहा. ऐकणारा मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर देतो. ही खूण टॉर्चच्या उघडझापीनंही देता येते. गटातल्या सगळ्यांना निघायच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी गंमत म्हणून वाजवतं.

विस्तवासाठी पहिली निवड साधा गॅस लायटर, दोन घ्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. ठिणगीची कांडी ही त्यानंतरची सोय. नव्या कांडीवरचा काळा लेप आधी खरवडायचा असतो, हे माहीत नसल्यामुळे ‘ठिणगीच पडत नाही’ म्हणून ती परत केली जाते. खरवडायला कड काटकोनी आणि तीक्ष्ण लागते. मल्टिटूलच्या पात्याची पाठ बहुधा गोलसर असते, तिच्यानं जमत नाही. कानशीची किंवा करवतीची पाठ वापरा, पात्याची धार कधीच नको. पेटवायला व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे सहा-सात, आणि पंक्चरवाल्याकडून फुकट मिळणाऱ्या सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. ट्यूबचं रबर भिजलं तरी पुसून पेटतं, धूर मात्र काळाकुट्ट येतो. कड्याच्या आसपास आग्या मोहोळ असेल तर धुराचा विचारही करू नका. आणि एरवीही राखीव जंगलात विस्तव करणं गुन्हा आहे. जीवावरचा प्रसंग सोडून डब्यातलं हे सामान डब्यातच राहू द्या.

चंदेरी ब्लँकेट पन्नास-साठ ग्रॅमचं असतं. पावसात भिजलेला, कुडकुडणारा माणूस वाऱ्यात नुसता त्यात गुंडाळला तर ते फडफडून फाटतं. ओले कपडे काढा, कोरडं काही चढवा, ब्लँकेट त्यावर लपेटा आणि त्याच्यावरून पोंचो किंवा शेतकी दुकानातला जाड प्लास्टिकचा कागद घ्या. खाली सॅक नाहीतर दोराची गुंडाळी बसायला द्या, कारण थंडी सगळ्यात जास्त खालच्या कातळातून चढते. पूर्वी हे सगळं काम घोंगडीचं होतं, आणि घोंगडी फाटत नसे.

दोर म्हणजे चार मिलिमीटरचा नायलॉन, दहा मीटर. तंबू, वाळत घालणं, सॅक खाली सोडणं, पाय बांधून स्थिर करणं एवढ्यासाठी तो. माणसाला उतरवायला तो नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. हाताच्या पट्ट्यासारखी विणलेली ‘पॅराकॉर्ड’ घ्यायची असेल तर टोक उसवून आतले धागे मोजा. अस्सल पाचशे पन्नास पौंडी दोरीत सात असतात. स्वस्त पट्ट्यात तीन निघतात, कधी नुसता कापसाचा भरणा.

दुरुस्तीच्या पिशवीत बाइंडिंग तार तीन मीटर, वीस सेंटीमीटरचे केबल टाय सहा, सेफ्टी पिना सहा, दाभण एक, साधी सुई एक, जाड नायलॉनचा दोरा पाच मीटर. डक्ट टेपचं आख्खं रीळ नको, दोन-तीन मीटर लायटरभोवती गुंडाळा. ट्रेकचं सॅकबकल फुटलं तर पट्टा पट्ट्यावर ठेवून आरीनं दोन भोकं पाडा आणि केबल टाय ओवा. दोन मिनिटांचं काम.

प्रथमोपचारात निर्जंतुक गॉझ पाच, दहा सेंटीमीटरची क्रेप पट्टी एक, रोलर पट्टी दोन, कागदी चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, बारीक टोकाचा चांगला चिमटा (मल्टिटूलमधल्या चिमट्याच्या भरवशावर राहू नका), हातमोजे एक जोड, ओआरएस दोन पाकिटं आणि पाण्यासाठी क्लोरिनच्या गोळ्या. एक लिटरचं ओआरएस अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकू नका, दाट द्रावणानं त्रास वाढतो. टाक्यातलं पाणी आधी कापडातून गाळा, वेष्टणावर लिहिलेल्या प्रमाणात गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरिन मातीवरच खर्च होतो. हत्यारानं बोट कापलं तर पट्टी उचलून ‘थांबलं का’ बघत राहू नका. घड्याळ लावून सलग दहा मिनिटं दाब ठेवा.

सगळं झिपच्या दोन पिशव्यांत घालून रबरी कडेच्या जेवणाच्या डब्यात भरा. वजन पाऊण ते एक किलो होतं. पण शिट्टी, एक लायटर, हेडलाइट आणि मल्टिटूल डब्यात नको, अंगावर हवं. सॅक घसरून दरीत गेली तर डबाही गेला. ११२ आणि १०८ हे नंबर तर सगळ्यांना पाठ असतातच. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा, आणि एका कागदावर लिहून डब्यात ठेवा. फोन कॉल लागत नसेल तिथूनही कधीकधी एसएमएस जातो.

न घेण्याच्या वस्तू

तारेची करवत ओल्या लाकडात अडकते आणि कडीजवळ तुटते. बटणाचं होकायंत्र मल्टिटूलशेजारी ठेवलं की पोलादाकडेच बघतं. ‘सर्पदंशाचा पंप’ तर पैसे देऊन घेतलेला धोका आहे: तो विष काढत नाही, वेळ मात्र घालवतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापैकी कुणीही चावलं तरी उपाय रुग्णालयातली प्रतिविषाची लसच. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठ्या-कडी काढा, चावलेला हात-पाय काठीच्या आधारानं न हलेल असा बांधा, माणसाला चालू न देता उचलून न्या. क्रेप पट्टी आणि दोर कामाला येतात ते इथे. कुऱ्हाड, फावडं, फूटभर लांबीचा ‘रॅम्बो’ चाकू यांचं ट्रेकला काही काम नाही. कोयता चालवायची अक्कल गावातल्या माणसाला असते, त्याच्याकडेच तो राहू द्यावा.

चौकी, विमानतळ, मेट्रो

शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची अवजारं वगळलेली आहेत. सहा-सात सेंटीमीटरचं पातं त्याच्या जवळपासही जात नाही. पण जंगलाचा कायदा वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळे अभयारण्यात येतात, भीमाशंकरचं जंगलही. प्रवेशाची पावती फाडताना मल्टिटूल स्वतःहून दाखवा आणि विचारा. नको म्हणाले तर चौकीवर ठेवा आणि कात्रीवर भागवा. कमरेला लटकवून मिरवत गेलात तर वाद आपणच ओढवून घेतो.

विमानात मल्टिटूल हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाका. लायटर आणि काडेपेटी दोन्हीकडे चालत नाही. पॉवर बँक उलट हातातच ठेवावी लागते. मेट्रोतही चाकू अडवतात.

घर आणि गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही एकदम गेले. नदीकाठच्या घरात हाच डबा जून ते सप्टेंबर माळ्यावर नाही, तर दाराजवळ उंच खुंटीवर टांगलेला असावा. त्यात दहा हजार एमएएचची भरलेली पॉवर बँक, कागदपत्रांच्या प्रती, रोजच्या गोळ्यांचा आठवड्याचा पुरवठा आणि थोडी रोकड यांची भर घाला. गॅसच्या रेग्युलेटरचा खटका अडकला तर पक्कडीनं हिसकू नका, सिलिंडर बाहेर काढा.

गाडीसाठी सीटबेल्ट कापायचा आणि काच फोडायचा वेगळा हातोडा घ्या आणि तो चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नाही. अशा हातोड्याचं टोक दाराच्या काचेच्या कोपऱ्यात मारायचं, मध्यभागी नाही. ते फक्त टेम्पर्ड काच फोडतं. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते, तिला तडे जातात पण ती फुटून पडत नाही. काही नव्या गाड्यांत दाराच्या काचाही लॅमिनेटेड येतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आज उजेडात वाचून ठेवा.

देखभाल

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, डबा रिकामा करा. सेल बाहेर काढा, गोळ्या आणि ओआरएसची तारीख बघा, चिकटपट्टीचा वीतभर तुकडा ओढून चिकटतोय का ते बघा, लायटर पेटवा. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून आलात तर मल्टिटूल त्याच रात्री गोड्या पाण्यात खळबळवून, उघडं करून वाळवा. मिठाचा गंज बिजागरीत आधी धरतो आणि बाहेरून दिसत नाही. तांबूस ठिपके आलेच तर चिंचेचा कोळ दहा मिनिटं लावून घासा, धुवा, वाळवा, तेल. स्क्रूच्या बिजागऱ्या अशा आवळा की पातं नखानं उघडेल, पण मूठ उलटी धरून झटकली तर स्वतःहून बाहेर येणार नाही.